अर्डिसच्या गोळ्या

आयडाहोच्या त्या डोंगराळ भागात घरोघरी बंदुकीच्या गोळ्या ओततात, आणि ते बहुतेक पुरुषांचं काम. टिब्सांच्या घरात मात्र शिसं वितळवायची ती अर्डिस. लग्नानंतर नवऱ्यानं, मर्लनं, ओतलेल्या गोळ्या तिनं पाहिल्या. काहींवर सुरकुत्या, काहींच्या पोटात पोकळी. "हो बाजूला," ती म्हणाली, "तुला घाई फार." तेव्हापासून शेडमधली शेगडी आणि साचा तिच्याकडे, रायफल त्याच्याकडे. दर पानगळीला मर्ल एक एल्क मारून आणायचा. घोड्याएवढं ते सांबर थंडीभर पुरायचं.

यंदा वसंतात मर्लचा नेम ढळायला लागला. पूर्वी त्याच्या पाच गोळ्यांची भोकं एका कपाखाली झाकली जायची. आता ती ताटाएवढ्या जागेत पसरायची.

"तुझं शिसं बिघडलंय," मर्ल म्हणाला.

तिलाही तेच वाटलं. टायरवाल्याकडून आणलेल्या, चाकांना लावायच्या शिशाच्या वजनांत हल्ली जस्त मिसळलेलं असतं. तिनं ती सगळी बाजूला काढली, जुन्या साठ्यातलं शिसं घेतलं, कडक व्हावं म्हणून कथील वाढवलं. बंदुकीच्या नळीत डोकावून पाहिलं तर आत शिशाचे करडे ओघळ चिकटलेले. तांब्याची जाळी गुंडाळून तिनं नळी घासघासून लख्ख केली. मऊ शिशाचा गोळा नळीतून ठोकत नेऊन नळीचं माप काढलं. त्या मापाला गोळी केसभर बारीक निघाली, म्हणून जाड गोळीचा साचा मागवला. मेण आणि चरबीचं वंगणही बदलून पाहिलं.

दर शनिवारी दोघं खडीच्या खाणीत चांदमारीला जायचे. दर शनिवारी निशाणाच्या कागदावर भोकं तशीच विखुरलेली.

शेजारचा ड्वेन एकदा सोबत आला होता. "मर्ल, बायकोला शेगडीवरून उठव आणि दुकानातून गोळ्यांची पेटी आण बाबा!"

"तू आधी तुझ्या बायकोच्या हातचं खाऊन जिवंत राहा," अर्डिस म्हणाली. तिघंही हसले.

पण मर्लनं खरंच पेटी आणली. दुकानातल्या गोळ्याही तशाच विखुरल्या.

"मग बंदूकच म्हातारी झाली," तो म्हणाला.

अर्डिसनं मान डोलावली. तिची नजर त्याच्या मांडीवर टेकलेल्या उजव्या हाताकडे गेली होती. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर सावकाश फिरत होती, चिमटीत बारीक खडा असावा तशी. तिच्या सासऱ्याचं दुखणं असंच सुरू झालं होतं. शेवटची वर्षं त्यांना चमच्यानं भरवायला लागायचं, आणि भरवायचा तो मर्लच.

 पुढच्या आठवड्यात तिनं पुन्हा शेगडी पेटवली आणि मिश्रण बदललं. दुसरं काय करणार होती?

"आज तू मार," त्या शनिवारी मर्ल म्हणाला.

"माझा खांदा दुखतो."

"पाच गोळ्यांनी मोडत नाही खांदा. शिसं तुझं, बंदूक माझी. एकदा ठरू दे कुणाचं चुकतंय."

ती वाळूच्या पिशवीमागे बसली. दोष बंदुकीचाच ठरावा म्हणून चुकवायचं असं मनाशी ठरवून तिनं मधला काळा ठिपका सोडला, कागदाच्या खालच्या कोपऱ्यावर नेम धरला आणि चाप ओढला. पाचही वेळा.

मर्ल कागदाजवळ गेला. बराच वेळ परत फिरला नाही, म्हणून ती मागोमाग गेली. मधला ठिपका कोरा होता. कोपऱ्यात पाच भोकं एकमेकांना चिकटून बसली होती.

"कोपऱ्यावर धरलास नेम," तो म्हणाला.

"हात हलला असेल माझा."

"तुझा नाही हलला, अर्डी." तो कागदाकडेच बघत होता. "कधीपासून माहीत आहे तुला?"

"पेटी आणलीस तेव्हापासून. तुला?"

"शर्टाची बटणं जमेनात, तेव्हापासून."

तिनं त्याचा हात धरायला हात पुढे केला. त्यानं स्वतःचा खिशात घातला.

शहरातल्या डॉक्टरनं आजाराचं तेच नाव घेतलं जे सासऱ्यांच्या वेळी घेतलं होतं. गोळ्यांनी थरथर थोडी कमी होईल, म्हणाला. बरं होईल असं म्हणाला नाही.

तरी ऑक्टोबरात मर्लनं शिकारीचा परवाना काढला. अर्डिसनं काडतुसं भरून दिली. तो पहाटे गेला आणि दुपारी रिकाम्या हातानं परतला. बूटही न काढता स्वयंपाकघरात बसला.

"एल्कचा नर होता," तो म्हणाला. "आडवा उभा, अगदी समोर. मी बंदूक खांद्याला लावली. नेमाचा काटा त्याच्या पायापासून मानेपर्यंत हिंडत होता. जखमी करून सोडला असता तर कुठं जाऊन मेला असता, सापडलाही नसता."

"मग?"

"मग काय. बघत बसलो. तो चरत होता."

अर्डिसनं शेगडीवरचं पातेलं उतरवलं.  ती खाली बसली आणि त्याच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागली. या वेळी त्यानं पाय मागे घेतला नाही.