लाल चिंधीची कणसं

गुलाबमामांनी माझ्यावर आयुष्यात एकदाच हात उचलला, आणि तोही पहिल्याच भेटीत. मी नऊ-दहा वर्षांची असेन. वडिलांचं बोट सोडून मी ज्वारीत शिरले आणि समोर दिसलेल्या सगळ्यांत भरदार कणसाला हात घातला. त्याच्या देठाला लाल चिंधी बांधलेली होती, म्हणून तर ते नजरेत भरलं. तेवढ्यात मनगटावर फटका बसला. वर पाहिलं तर डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, दाढी पिकायला लागलेला एक काटक माणूस डोळे वटारून उभा. "चिंधीवाल्याला हात लावायचा न्हाई," तो म्हणाला, "बाकी सारं वावर तुझं." मी भोकाड पसरलं. वडील लांबून हसत होते. त्यांनी माझी बाजू घेतली नाही याचा मला कितीतरी दिवस राग होता.

वडील आणि गुलाबमामा एकाच साखर कारखान्याच्या यार्डात कामाला होते. आमचं गाव खुटबाव. तिथे पाणी आहे, त्यामुळे जिकडे बघावं तिकडे ऊस. मामांचं वावर निमोण्याच्या बाजूला, कोरडवाहू. दिवाळी झाली, थंडी पडायला लागली की एका रविवारी आम्ही सगळे भीमा ओलांडून मामांकडे हुरडा खायला जायचो. वडील गेल्यावरही मी तो नेम मोडला नाही. ते वावर नक्की कुठे, कोणत्या फाट्यावरून आत वळायचं, हे विचारू नका. सांगणार नाही. का सांगणार नाही ते पुढे लिहिते, आणि वाचून तुम्हालाही थोडा राग आला तर बरं होईल.

मामा पाहुण्यांवर सतत खेकसत. बांधाशी खड्डा करून त्यात गोवऱ्या पेटवायच्या, त्या आगटीवर कोवळी कणसं भाजायची, आणि भाजलेलं कणीस तळहातावर चोळून गरम दाणे दुसऱ्याच्या हातावर ओतायचे, हे काम ते दुसऱ्या कुणाला करू देत नसत. पाहुण्याने गोल करून बसायचं आणि हात पुढे करायचा. वावरात शिरायचं नाही. कणसं मामाच खुडून आणणार. एकदा मी दौंडच्या आमच्या शाळेतल्या शिक्षकांना घेऊन गेले. एका सरांनी चमचा मागितला. मामांनी चोळता चोळता हात थांबवला. "चमचा? दवाखान्यात आलाय का? हात न्हाई का तुमाला?" सर ओशाळले. पण पुढचे पहिले दाणे मामांनी त्यांच्याच हातावर ओतले, वर लसणाची चटणी ठेवली आणि म्हणाले, "खावा. गार झाला की त्येचा जीव गेला बघा." रागवायचं आणि लगेच खाऊ घालायचं, दोन्ही एकाच हाताने.

कुणी मोबाईलवर गाणी लावली की ते मोबाईल मागून घेत आणि गोवऱ्यांच्या ढिगावर पालथा ठेवत. "फिराय यायचं तर कान उघडं आन् तोंड बंद ठिवून यावं," हे त्यांचं नेहमीचं. शहरातून आलेल्यांवर त्यांचा विशेष राग. "ही मान्सं बघाय येत न्हाईत गं सुरेखा, दावाय येत्यात." मी म्हणायची, "मामा, मग बोलावता कशाला?" त्यावर ते चिडून म्हणत, "मी कुठं बोलावतो? आल्यावर उपाशी धाडू का?"

आता त्या चिंधीविषयी. मामांची ज्वारी दुकानातल्या बियाण्याची नव्हती. त्यांच्या आजीने ती माहेराहून आणली होती. दाणा टपोरा, थोडा पिवळसर, आणि कोवळेपणी इतका गोड की गुळाची गरज पडत नसे. गावात त्याला 'मुलाण्याचा जोंधळा' म्हणत, कारण तो मुलाण्यांच्या या एकाच घरात उरला होता. गौरी-गणपतीच्या सुमाराला चार-पाच गुंठ्यांत पेरायचा. कणसात दूध भरायला लागलं की मामा आणि रशीदामामी दोघं ओळीओळीने फिरून सगळ्यांत चांगली कणसं निवडत आणि मामीच्या जुन्या लाल लुगड्याची चिंधी देठाला बांधत. ती कणसं पुढच्या सालचं बी. ती खायची नाहीत, खुडायची नाहीत, उभ्या ताटावर, म्हणजे धाटावरच, पूर्ण वाळू द्यायची. बाकीचं वावर पाहुण्यांनी, पाखरांनी, कुणीही खावं. पेरून उरलेलं जुनं बी मामी दळून टाकायची, कारण ठेवलं तर त्याला किडे लागत. म्हणजे कोणत्याही साली मार्गशीर्षात या जोंधळ्याचं जे काही होतं ते त्या चिंध्यांपाशी होतं. हे मला मामांनी दहा वेळा सांगितलेलं. मला माहीत नव्हतं अशी सबब मला नाही.

मी शाळेत शिकवते आणि अधूनमधून एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत लिहायचे. एका दिवाळीत संपादकांनी 'थंडीच्या तोंडावरच्या सहली' असा विषय दिला. मी मोठ्या हौसेने लिहिलं. नदीच्या फुगवट्यावर सकाळी उतरणारे पक्षी, पहिली काहील चढलेलं गुऱ्हाळ, आणि शेवटी मामांचा हुरडा. मामांना आधी विचारलं होतं. ते म्हणाले, "लिव की. फकस्त विचारून या म्हणावं, आन् चिंधीचं नीट लिव." मी नीट लिहिलंही होतं. "सगळ्या शेतात मोजक्याच कणसांवर लाल चिंधी दिसेल, ती या वावराची खरी रत्नं," असं एक वाक्य. आणि त्यापुढे, "ती बियाण्यासाठी राखलेली असतात, त्यांना कुणी हात लावत नाही," असं दुसरं. मजकूर लांबला होता, थोडे शब्द कमी करा असा निरोप आला. दुसरं वाक्य मीच काढलं. मला ते रुक्ष वाटलं. रत्नं ठेवली. 'कसे जाल' या चौकटीत फाट्यापासूनचा रस्ताही दिला, आणि 'विचारून जावे' हे सगळ्यांत शेवटी, जिथे कुणी वाचत नाही तिथे.

लेख छापून आला त्याच्या पुढच्या रविवारी मामा दौंडला भाचीच्या लग्नाला गेले होते. घरी मामी एकटी. तिने मला नंतर जे सांगितलं ते मी तिच्याच शब्दांत लिहिते. "धा-अकरा गाड्या आल्या. म्या म्हनलं, मालक न्हाईत, बसा, चहा टाकते. त्यांनी मोबाईल दावला. म्हनले, आज्जी, पेपरात आलंय. आन् शिरले की गं वावरात. लाल चिंधी, लाल चिंधी करत. जशी काय खेळाय आली. म्या वरडले, ते बी हाय, बी हाय. एक जण म्हनला, व्हय आज्जी, म्हायती हाय, रत्नं हायती." एका बाईने देठाची चिंधी सोडून केसांत बांधली आणि फोटो काढला. तो फोटो मी पुढे पाहिला. हसरा चेहरा, मागे आडवी झालेली ताटं, आणि खाली 'मातीशी नातं' असं काहीतरी. मातीशी नातं! ज्या मातीवर ती बाई उभी होती तिथली तीन पिढ्यांची ठेव तिच्या हातात अर्धी खाल्लेली होती.

रात्री मामीचा फोन आला आणि सोमवारी शाळा टाकून मी गेले. मामा बांधावर बसून चिंध्या गोळा करत होते. एकेक झटकून मांडीवर ठेवत होते. मला वाटलं आता बरसतील. जन्मभर चमच्यापायी, गाण्यापायी माणसांना झोडपणारा माणूस, आज मला सोडणार नाही. मला तेच हवं होतं, खरं सांगते. पण त्यांनी वर पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, "ल्हानपनी तुला मारलं व्हतं म्या. आठवतं?"

"हो, मामा."

"मंग?"

ते पुन्हा चिंध्या वेचायला लागले. मी वेचायला वाकले तर म्हणाले, "र्‍हाऊ दे," आणि मी उभीच राहिले.

दौंडला परत येऊन मी संपादकांना फोन केला आणि तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मॅडम, पण रिस्पॉन्स जबरदस्त आहे," ते म्हणाले. "पुढच्या आठवड्यात गुऱ्हाळावरच पूर्ण पान द्या ना. आणि बियाण्याचं म्हणाल तर तसं वाक्य तुमच्या मजकुरात आमच्याकडे नव्हतं." ते खरंच होतं, म्हणून मी आणखी ओरडले. आठवडाभर मला मेसेज येत होते. मुलांना खूप मजा आली. अविस्मरणीय अनुभव. अशीच हटके ठिकाणं सुचवत जा. एकाला मी काय झालं ते लिहून कळवलं. त्याचं उत्तर आलं, "अरेरे. पण बी दुकानात मिळतं ना?" त्या माणसाचा नंबर मी अजून ठेवला आहे, कधीतरी शिव्या द्यायला.

मग मी बी शोधायला निघाले. मामांनी वर्षानुवर्षं मागेल त्याला ओंजळभर बी दिलेलं होतं, कुठेतरी निघेल अशी आशा होती. निमोण्यात चार घरं पालथी घातली. तिथे आता कांदा. राहू गावात मामांचे एक जुने मित्र होते, त्यांनी मला प्रेमाने बसवून घेतलं आणि म्हणाले, "पाणी आलं, ऊस आला. जोंधळा कोन करतंय आता? भाकरीला पिशवी इकत आनतो." शेवटी खुटबावला आईला विचारलं, कारण वडिलांनीही एका साली नेलं होतं. आई म्हणाली, "ऊस लावला त्या वर्साला दळून खाल्लं की. चांगली व्हायची भाकरी." मी आईवरही चिडले. तिचा काय दोष होता? पण मला कुणावर तरी चिडायचंच होतं, स्वतःवर चिडून चिडून तोंड दुखायला लागलं होतं.

वावरात काही मोडकी ताटं मामांनी काठ्यांचा आधार देऊन उभी केली होती. त्यांच्या कणसांत दूध पुरतं भरलंच नव्हतं. तरी त्यांतून मूठभर सुरकुतलेले दाणे निघाले, आणि ते मामांनी राखेत घालून जपले. पुढच्या गणपतीला ते पेरले, एवढं मला मामीकडून फोनवर कळलं. मला दम निघेना. नवरात्राआधी मी गेले. मामा मला बघून बांधापर्यंत चालत आले आणि वाटेतच उभे राहिले, दोन्ही हात मागे बांधून.

"हितंच थांब."

"मामा, उगवलं का?"

"चहा घिऊन जा. मामी हाय घरात."

"मामा, एवढंच सांगा. एक तरी ताट?"

ते माझ्याकडे बघत राहिले. डोळ्यांत राग होता, तोच जुना, माझ्या ओळखीचा, आणि तो दिसल्यावर मला क्षणभर बरंही वाटलं. मग ते म्हणाले, "उगवलं का न्हाई, ते तुला न्हाई सांगायचं."

"का?"

"तू लिवशील."

त्या थंडीत हुरडा झाला नाही. पाहुण्यांना आता येऊ नका म्हणावं, असा निरोप मामांनी धाडला. तो माझ्यासाठीही होता की नाही हे मी विचारलं नाही, आणि गेलेही नाही. दौंडला बाजारात कुणीतरी हुरड्याचे दाणे पिशवीत भरून विकत होतं, कुठल्या शीतपेटीतून काढलेले, कडक. लोक रांगेत उभे राहून घेत होते. मी त्या रांगेकडे बघून इतकी संतापले की भाजी न घेताच घरी आले.

गेल्या उन्हाळ्यात गुलाबमामा गेले. आजारपण फार नव्हतं. मला दुसऱ्या दिवशी कळलं. चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला मी गेले. अंगणात माणसं जेवत होती, मामी चुलीपाशी होती. ती उठून आली, मला जवळ घेतलं, दोघी रडलो. मामांनी माझ्याविषयी शेवटी काही म्हटलं का, हे विचारायची माझी छाती होत नव्हती. मी भलतंच विचारलं.

"मामी, औंदा गणपतीला काय पेरणार?"

तिने पदराने डोळे पुसले. मग माझ्यासमोर ताट ठेवलं, त्यात भाकरी वाढली, रस्सा वाढला, आणि माझ्याशेजारी बसून, मला घास घ्यायला लावत, शब्द लागू नयेत अशा मायेने म्हणाली, "जाताना सांगून गेल्यात. सुरेखा आली तर चहा दे, पोटभर जेवाय घाल, लेकीवानी कर. पर वावरात नेऊ नगंस."

मी वावराकडे पाठ करून बसले आणि सगळं जेवले.