पिंपात पडलेला फोन आणि चौसष्टावा मेसेज

भूत-बित मी मानत नाही. आजही मानत नाही, हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे खाली कॉमेंटात कुणी शहाणपणा करायला नको. पन्नास वर्षं आगीपुढं बसलेला माणूस आहे मी. शाळा चौथीपर्यंत, पण डोळे-कान शाबूत. हे वहीत लिहिलं, सुनेनं टाईप केलं. एक शब्द बदलायचा नाही असं तिला बजावलंय.

मूळचा मी विट्याकडचा. आमच्या भागातली माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली, तसा मी पोरवयात चेन्नईला आलो. साहुकारपेठेत गलाईचं दुकान. सोनारांच्या दुकानातला झाडलेला कचरा आणायचा, जाळायचा, तेजाबात घालायचा, मुशीत वितळवायचा आणि त्यातलं सोनं वेगळं काढायचं. आमच्यात हात धुतलेलं पाणीसुद्धा कुणी ओतून देत नाही... नखातला कण त्यात उतरतो. त्यासाठी दुकानात एक पिंप असतं. हात त्याच्यावरच धुवायचे.

माझी बायको कमल. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून फोनवर बोलून मेसेज पाठवायची. "अहो, येताना कोथिंबीर आणा. जून आणू नका." "अहो, डब्यात भाकरी तशीच परत आली. बाहेर कुठं गिळलं?" असले. दोन वर्षांमागं ती गेली. मागं राहिले त्रेसष्ट मेसेज. रोज दुपारी जेवण झालं की पहिल्यापासून सगळे ऐकायचो. कुठल्या मेसेजात ती कुठं खोकते, तेही पाठ.

सून शोळिंगनल्लूरला कॉम्प्युटरच्या ऑफिसात जाते. तिची माणसं आमच्याकडचीच, पण ती वाढली इथं. ती मागं लागलेली, "मामा, बॅकअप घेऊ या ना. फोन गेला तर सगळं गेलं."

"बॅकअप जातं कुठं?"

"कंपनीच्या सर्व्हरवर. सेफ असतं, मामा."

"माझ्या बायकोचा आवाज परक्याच्या घरात ठेवायचा नाही," म्हटलं. विषय संपला.

यंदाच्या उन्हाळ्यात एका दुपारी हात धुवायला पिंपावर वाकलो आणि वरच्या खिशातला फोन सरळ आत. काळं, तेजाबी पाणी. बाहेर काढला, पुसला, दोन दिवस तांदळात ठेवला. मेला तो मेलाच. रडलो-बिडलो नाही मी. जेवलो नाही, एवढंच.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. सुनेनं नवा फोन आणला, माझं सिम धुऊन-वाळवून त्यात घातलं आणि खाली बघत म्हणाली, "मामा, ओरडू नका. दिवाळीला दुपारी तुम्ही डुलकी काढत होतात, तेव्हा एकदा मी बॅकअप घेतला होता."

दुसऱ्या कुणी केलं असतं तर उंबरा ओलांडू दिला नसता. पण मी म्हटलं, "मग बघत काय बसलीस? काढ की."

तिनं रिस्टोअरवर बोट ठेवलं. हिरवी रेघ पुढं सरकत होती, सरकत होती... आणि सगळं आलं. कोथिंबीर आली, भाकरी आली. मी मोजत गेलो. चौसष्ट.

"चुकलं असेल, मामा."

"मग तू मोज."

तिनं मोजले. चौसष्ट.

मुशीत घातलं नाही ते मुशीतनं निघत नाही, यावर आमचा धंदा उभा आहे. मग हा एक कुठनं आला?

सगळ्यात शेवटचा होता तो. तारीख दिवाळीच्या त्याच दिवसाची, सकाळची. तेव्हा कमलला जाऊन वर्ष उलटलेलं, तिचा नंबर बंद केलेला. जुन्या फोनवर हा मेसेज नव्हता. रोज ऐकणारा माणूस सांगतोय, नव्हता.

दाबला. कमलचाच आवाज. चढ चढून आल्यासारखा, दम लागलेला.

"अहो, केवढं वर घर घेतलंत... बरं आहे. उजेड आहे."

आणि तिच्यामागं, अगदी स्वच्छ, आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमधली बाई तमिळमध्ये बोलते ती — "कदवै मूडवुम". दार बंद करा.

आता नीट वाचा. एग्मोरचा हा सहाव्या मजल्यावरचा फ्लॅट आम्ही कमल गेल्यावर घेतला. तिनं सगळा संसार साहुकारपेठेतल्या तळमजल्याच्या दोन खोल्यांत केला, दिवसा दिवा लावून.

मुलगा घामाघूम. "बाबा, जुना मेसेज असेल. फोनची तारीख चुकली असेल. आईला हॉस्पिटलात ठेवलं होतं, तिथली लिफ्ट असेल ती."

"तिथं लिफ्ट कुठली? खुर्चीत बसवून जिन्यानं आपण दोघांनी चढवली तिला. विसरलास?"

तो हळूच म्हणाला, "डिलीट करू या. आणि एक शांत करून घेऊ. गावाकडं एक जण आहेत—"

"शांत? कुणाची? घर बरं आहे म्हणाली ती! चाळीस वर्षांत एकदा मला बरं म्हणाली आणि तू ते पुसायला निघालास?"

"अय्यो, राहू दे ना ओ," सून त्याच्यावरच उखडली. "अत्तैंचा आवाज आहे तो. भ्यायचं काय त्यात?" सासूला ती तमिळमधलं अत्तैच म्हणायची.

तिच्या ऑफिसातल्या दोघांनी फोन तपासला. मेसेज खरा आहे, पण तो इथं असायला नको, म्हणाले. एवढं तर मलाही कळत होतं! त्यापुढं कुणाला काही सांगता आलं नाही, मलाही येत नाही. तुमच्यात कुणाला येत असेल तर जरूर लिहा. म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय असं लिहिणार असाल, तर आधी दुकानात या... आजही दगडावर एक रेघ ओढून सोन्याचा कस सांगतो मी.

मेसेज ठेवलाय. बॅकअप आता रोज होतो, मीच चालू करायला लावला. मुलगा मात्र अजून बिचकतो. काल चहा घेताना म्हणाला, "बाबा, आणि पुढं अजून एखादा आला तर?"

"आला तर ऐकीन. ती होती तोवर ऐकलंच की. आता काय झालं?"