दोरा बांधलेली बाटली

मला लिहायची सवय नाही. सारा जन्म लाँड्रीच्या कोपऱ्यात रफू करण्यात गेला. फाटलेलं जुळवायचं आणि जोड दिसू द्यायचा नाही, एवढंच मला जमतं. इथं कदाचित तेही जमणार नाही. पण वरचीबद्दल दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही, म्हणून बसलोय.

वरची म्हणजे आमच्या लाँड्रीतली इस्त्रीवाली. डोंगरापलीकडच्या वरच्या भागातून आली म्हणून मालकांनी पहिल्याच दिवशी तिला ‘वरची’ म्हटलं आणि तेच नाव पडलं. चाळिशीची, काटक, तोंडाची फटकळ. शर्टाची कॉलर अशी बसवायची की गिऱ्हाईक मान ताठ ठेवूनच दुकानातून बाहेर पडायचं. मालक म्हणायचे, “वरचे, जरा हलक्या हातानं कर. माणसं आरशापुढून हलेनात.” ती म्हणायची, “मग आरसा विका त्यांना.”

तिचा नवरा कौलं शाकारायचा. एकदा छपरावरच त्याला फिट आली आणि तो खाली आला. खाली गवताची गंजी होती म्हणून वाचला, पण फिट काही सुटली नाही. वरच्या भागात एक कंपाउंडर फिरत यायचा. त्यानं नारिंगी रंगाचं पातळ औषध दिलं आणि बाटलीच्या गळ्याला दोन गाठींचा काळा दोरा बांधला. दोन गाठी म्हणजे दोन चमचे, काळा दोरा म्हणजे फिटचं औषध, सकाळ-संध्याकाळ. तिकडे घरोघर अशाच बाटल्या. खोकल्याला पांढरा, पोटाला हिरवा. लिहून दिलं तर वाचणार कोण? कंपाउंडर सांगायचा, बायका ऐकायच्या, दोरा लक्षात ठेवायचा. त्यात कुणाला कमीपणा वाटत नव्हता.

मग कंपाउंडर यायचा बंद झाला. औषध संपलं तशा फिट वाढल्या. वरचीनं नवऱ्याला घेतलं, रिकामी बाटली पदरात बांधली आणि आमच्या शहरात आली. इथं मोठं इस्पितळ आहे आणि औषध फुकट मिळतं.

इस्पितळातही तेच औषध मिळालं. तोच नारिंगी रंग, तोच वास. तिनं झाकण उघडून हुंगून खात्री केली. खिडकीतल्या माणसाला विचारलं, “किती द्यायचं?”

तो मान वर न करता म्हणाला, “बाटलीवर लिहिलंय सगळं. पुढचे या.”

ती रांगेतल्या मागच्या बाईकडे वळली. “ताई, एवढं वाचून सांगता?”

“चष्मा विसरलात?” बाई हसली. “मीसुद्धा! आता दोघी आंधळ्या.” आणि खिडकीकडे सरकली.

हे वरचीनं मला पुष्कळ नंतर सांगितलं. त्या बाईच्या बोलण्यात खोट नव्हती. समोरच्या माणसाला वाचताच येत नसेल, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. वरचीनं मात्र त्यातून एक धडा घेतला. तेव्हापासून कुणी काही पुढं केलं की ती म्हणायची, “चष्मा घरी राहिलाय.” तिच्याकडे चष्मा कधीच नव्हता.

घरी आल्यावर तिनं इस्पितळातलं औषध जुन्या बाटलीत ओतलं. दोऱ्याची बाटली ओळखीची, दोन चमचे ठरलेले. नवी बाटली स्वच्छ धुऊन तिनं कांजीसाठी लाँड्रीत आणून ठेवली. आम्ही सगळे ती वापरत होतो. तिच्यावरचं छापील लेबल केव्हाच गळून गेलं होतं.

तिच्या नवऱ्याला मालकांनी गठ्ठे बांधायला ठेवलं होतं. अबोल माणूस. उंचावर काम केलेला, त्यामुळे जमिनीवर जरा अवघडल्यासारखा बसायचा. फिट थांबल्या होत्या. वरची खुशीत होती.

त्याच सुमाराला मालक एकदा दुपारी पेपर मोठ्यानं वाचत होते. देशातल्या कुठल्या भागात किती मोठी माणसं लिहू-वाचू शकतात, त्याची बातमी होती. आमचा खालचा भाग पहिला. शंभरात सत्त्याण्णव. वरचा भाग तळाला, शंभरात चाळीससुद्धा नाहीत.

“सत्त्याण्णव!” मालकांनी पेपर मांडीवर आपटला. “आता उरलेले ते तिघं कोण, तेवढं शोधायला पाहिजे. हार घालून मिरवणूक काढू.”

सगळे हसले. मीही हसलो. वरचीही हसली. हातातली इस्त्री फिरवत म्हणाली, “मालक, सापडले तर मला सांगा. हाराची फुलं मी आणते.”

त्यानंतर थोड्याच दिवसांत तिच्या नवऱ्याचा तोल जायला लागला. गठ्ठा उचलला की पाय वाकडे पडायचे. जीभ जड झाली. एक शर्ट घ्यायला हात पुढं करायचा आणि शेजारची हवा पकडायचा. मालक म्हणाले, “काय राव, सकाळीच घसा ओला केला वाटतं?” त्या माणसानं जन्मात थेंब घेतला नव्हता.

गल्लीतही तेच बोलणं सुरू झालं. वरची भांडून भांडून थकली. आपल्या मनाशी तिनं हिशेब केला की दुखणं वाढलंय, तर औषधही वाढायला हवं. आणि ती दोनाचे तीन चमचे द्यायला लागली.

एका सकाळी तो उठलाच नाही. डोळे उघडे, पण बुबुळं थरथरत होती. मी आणि मालकांनी त्याला लाँड्रीच्या हातगाडीवर घातलं आणि इस्पितळ गाठलं. वरची गाडीला धरून पळत होती. “अहो, बोला ना. शिव्या द्या, पण बोला.”

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी औषधाची बाटली मागितली. वरचीनं पदरातून काढून दिली. त्यांनी ती फिरवून फिरवून पाहिली.

“लेबल कुठं आहे?”

“दोरा आहे की,” वरची म्हणाली.

“दोरा?”

“दोन गाठी. दोन चमचे.”

डॉक्टरीणबाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. हळू आवाजात त्यांनी सांगितलं की इथलं औषध चौपट कडक येतं. त्यातला अर्धाच चमचा द्यायचा असतो. बाटलीवर तसं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. “तुम्ही वाचलं नाहीत का?”

वरचीच्या तोंडून चष्म्याची सबब आली नाही. ती भिंतीला पाठ लावून खाली बसली आणि दोन्ही हातांनी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायला लागली. मी हात धरले. इस्त्री फिरवणारे हात ते, मला आवरेनात.

नवरा वाचला. जीभ थोडी सुटली. पण चाल गेली ती गेलीच. मेंदूतली तोल सांभाळणारी जागा दुखावली आहे, परत येईल असं वाटत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आता छप्पर सोडाच, उंबरा ओलांडायलाही त्याला खांदा लागतो. औषध मात्र चालूच ठेवायचं, नाहीतर पुढची फिट जीव घेईल.

खरं संकट इथून सुरू झालं. घरी नेल्यावर वरचीनं अर्धा चमचा भरून पुढं केला, तर त्यानं दात आवळले.

“अहो, अर्धाच आहे. बघा.”

“तुझ्या हातचं नको.”

तिनं विनवलं, रडली, चमच्यातलं आधी स्वतः चाटून दाखवलं. तो तोंड उघडेना. दुसऱ्या दिवशी त्याला फिट आली. तिसऱ्या दिवशीही तेच. तेव्हा ती माझ्याकडे धावत आली. “काका, तुम्ही चला. तुमच्या हातून घेतील.”

त्यानं माझ्या हातून घेतलं. आधी म्हणाला, “वाचा.” मी नव्या बाटलीवरचं लेबल वाचलं. मग तोंड उघडलं.

तिला शिकवायचाही मी प्रयत्न केला. दुपारी इस्त्री थंड करून ती पाटी घेऊन बसायची. मी काही मास्तर नव्हे, माझंच अक्षर किडकं. तरी ती पाटीवरची मोठी अक्षरं ओळखायला लागली. लेबलावरची मुंगीएवढी अक्षरं समोर आली की मात्र तिच्या डोळ्यांना धार लागायची आणि सगळं पुसून जायचं. एकदा तिनं नेट लावून घरी ‘अर्धा’ एवढा एक शब्द वाचून दाखवला. नवरा म्हणाला, “पाठ केला असशील.” त्यानंतर तिनं पाटी हातात घेतली नाही.

परत वर जाऊ या, असंही ती एकदा म्हणाली. तिकडे औषधच नाही, हे तिला माझ्याआधी ठाऊक होतं. तो विषय तिनंच सोडला.

आता ती त्याला रोज खांद्यावर तोलत लाँड्रीत आणते. तो बाकावर बसतो. मी नसलो तर मालक वाचतात, मालक नसले तर एखादं गिऱ्हाईक. लेबल तेच, अक्षरं तीच, तरी दोन्ही वेळा वाचावं लागतं. तेवढा वेळ ती आमच्याकडे पाठ करून कपड्यावर पाणी शिंपडत राहते. आता ती फटकळ बोलत नाही. मालकही चेष्टा करत नाहीत. पेपर मनातल्या मनात वाचतात.

परवा काम करता करता तिनं विचारलं, “काका, तुम्ही आणि मालक दोघंही एखाद दिवशी आला नाहीत तर?”

“कुणीही वाचील की,” मी म्हणालो. “इथं सगळ्यांनाच येतं.”

“हो ना,” ती म्हणाली, आणि शर्ट उलटा केला.