ओसाकातल्या बुचाच्या बंदुका

माझ्या मायबापाचा धंदा जत्रेतला. विदर्भातल्या गावोगावच्या जत्रांत फळीवर फुगे लावायचे आणि लोकांनी ते छऱ्याच्या बंदुकीने फोडायचे. दिवसभर फुगे फुगवून मायचे गाल इतके दुखायचे, की ती भाकर पाण्यात भिजवून गिळायची. जत्रा चार महिने, बाकी आठ महिने मिळेल ती मजुरी. बाप गेला तेव्हा मी बारावीत होतो. मायने स्टॉल एकटीने चालवला आणि मला इंजिनियर केलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. हे मी कुठेही छाती पुढे काढून सांगायचो. माय काय करते ते मात्र नाही. "छोटा बिझनेस आहे," एवढंच म्हणायचो.

मायला ते माहीत होतं. अमेरिकेत, ॲरिझोनातल्या चँडलरला नोकरी लागल्यापासून चार वर्षं मी दर रविवारी फोनवर तिला "ये" म्हणत होतो आणि ती येत नव्हती.

"तिथं लोकं इचारतीन, तुही माय काय करते. काय सांगशीन?"

"त्यात काय एवढं?"

"तेच तं इचारून राहिली मी."

मग मी तिच्या गुडघ्यांची चौकशी करायचो.

२००५ साली कंपनीने मला आणि एका पुणेकर सहकाऱ्याला जपानमध्ये ओसाकाला पाठवलं, चिप बनवायचं एक यंत्र तपासून घ्यायला. सबंध आठवडा क्लीन रूममध्ये, डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या सूटमध्ये, उभ्याने. झोप अजून ॲरिझोनातच राहिलेली. रविवारी दुपारी तिथला एक तरुण इंजिनियर आम्हाला शिन्सेकाई दाखवायला निघाला. मला हॉटेलात पडून राहायचं होतं. पण नाही म्हणायचाही कंटाळा आला, म्हणून गेलो.

मध्ये लोखंडी मनोरा, भोवती अरुंद गल्ल्या. जुन्या काळी खास करमणुकीसाठी वसवलेली वस्ती. रंग उडालेल्या पाट्या, तळणीचा वास, पट मांडून बसलेले म्हातारे. एका दुकानात बुचाच्या बंदुका होत्या. समोरच्या मांडणीवर खेळणी आणि गोळ्यांच्या डब्या, बूच मारून पाडायच्या. दुकान एका सत्तरीच्या बाईचं. तिच्या गुडघ्याला पट्टा.

पुणेकराची पाचही बुचं फुकट गेली. "फ्रॉड आहे यार! बंदूकच वाकडी आहे."

असणारच. असल्या बंदुका सरळ मारत नाहीत, हे मला पाळण्यापासून ठाऊक. पहिलं बूच मी मुद्दाम रिकाम्या जागी मारलं. बंदूक उजवीकडे ओढत होती. दुसऱ्या बुचाने डबी पाडली, तिसऱ्याने मातीची मांजर. चौथं भरणार तोच बाईने माझ्या हातातली बंदूक काढून घेतली, दुसरी पुढे केली आणि हसत काहीतरी म्हणाली.

इंजिनियर ओशाळला. "त्या म्हणतात, पहिलं बूच वाया घालवणारा माणूस गिऱ्हाईक नसतो. तुमच्या घरी हाच धंदा आहे का?"

"ह्याच्या घरी?" पुणेकर हसला. "अहो, ह्याच्या आईचा बिझनेस आहे."

मी दमलो होतो. खोटं रचायलाही अंगात त्राण लागतं. "हाच बिझनेस," मी म्हणालो. "जत्रेत फुग्यांचा स्टॉल. माय अजून उभी राहते."

पुणेकराने माझ्या हातातली बंदूक घेतली. "चार वर्षं माझ्या डब्यातलं खातोस आणि हे आज सांगतोस? नालायक आहेस. आता मला शिकव, कुठे धरायची ही."

बाईने मायचं वय विचारलं, मग स्वतःच्या गुडघ्याकडे बोट केलं. मी मान डोलावली. तिने बसायचं उंच स्टूल थोपटून दाखवलं. असं एक घेऊन द्या तिला, असं तिचं म्हणणं.

हॉटेलवर परतल्यावर बूटही न काढता मी फोन लावला.

"माय, सांगितलं मी."

"कोनाले?"

"पुण्याच्या दोस्ताला."

"मंग? काय म्हने?"

"आधी का नाही सांगितलं म्हणून शिव्या दिल्या."

मग तिने विचारलं, "पासपोर्टाले किती दिवस लागतेत?"

पुढच्या पावसाळ्यात, जत्रा बंद असताना, माय तीन महिने चँडलरला माझ्याकडे राहिली. ती काय करते हे तिथे ज्याने ज्याने विचारलं, त्याला मी सांगितलं.