हरतालिकेला राहिलेली गोळी

परवा हरतालिका झाली. सकाळी आठला सुनेच्या मोबाइलचा अलार्म वाजला. ती उठली, घोटभर पाणी पिऊन गोळी घेतली आणि पुन्हा फुलं निवडायला बसली. कुणाकडं बघितलंसुद्धा नाही...

तिचं बाळ सहा महिन्यांचं आहे. तिची गोळी कसली ते आम्हा सगळ्यांना माहीत आहे. मी मात्र हातातली फुलं तशीच धरून बसले... मला आमचा भोंगा आठवला.

त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीची गोष्ट. आम्ही बेळगावात अनगोळला राहायचो, दोन खोल्यांत. नवरा उद्यमबागेत एका फाउंड्रीत कामाला. तिथला आठचा भोंगा आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचा.

मुलगी झाली ती पोट कापून. इतकं रक्त गेलं की बाटल्या चढवाव्या लागल्या. डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला समोर बसवून सांगितलं, दोन वर्षं दुसऱ्याचं नाव काढू नका, हिच्या जीवावर बेतेल.

बाळ अंगावर पीत होतं म्हणून त्यांनी मला दिवस न राहण्याची, पाजणाऱ्या बाईला चालणारी वेगळी गोळी दिली. रोज, एकाच वेळेला, एकही दिवस खंड नाही. तीन तासांपेक्षा उशीर झाला तर ती चुकलीच समजायची आणि पुढचे काही दिवस जपायचं... हे त्यांनी मला दोनदा म्हणायला लावलं.

सासूबाईंना यातलं काही सांगितलं नव्हतं. आमच्याकडं सासूला आत्ती म्हणतात. घरात कुणीही बाई आली की आत्तींचं ठरलेलं, "आता हिच्या पाठीवर एक पोरगा होऊ दे बघ." मी मान खाली घालून चहा गाळायची.

गोळ्यांचं पाकीट मी शिकेकाईच्या डब्यात खाली ठेवलं होतं. भोंगा झाला की डबा काढायचा, गोळी तोंडात, वर पाणी... कुणाला पत्ता नाही. निदान माझी तरी तशी समजूत होती.

आणि हरतालिका आली. आमच्या घरी कडक उपास, पाण्याचा थेंबही नाही. पाजणारी म्हणून मला सूट मिळाली असती, पण मीच जोरात सांगून बसले होते की मला झेपेल. नव्या सुनेची हौस, दुसरं काय.

भोंगा झाला. मी गोळी हातात घेतली आणि थांबले... पाणी प्यायचं कसं? कोरडीच गिळावी असंही मनात आलं. पण मग उपास मोडलाच की, आणि तोही नवऱ्यासाठी धरलेला.

तेवढ्यात मागून आवाज आला, "काय बघायलीस गं डब्यात?"

"काय न्हाय आत्ती, शिकेकाई संपत आली काय बघालतो."

गोळी परत डब्यात गेली. दिवसभर पूजेत लक्ष नव्हतं. अकरा वाजले, तीन तास संपले, आणि माझ्या पोटात भुकेपेक्षा भीतीच जास्त होती.

दुसऱ्या दिवशी गणपती. कारखान्यांना सुट्टी, भोंगा नाही. अंदाजानंच दोन गोळ्या एकदम घेतल्या. चूक झाली हे नवऱ्याला सांगायला हवं होतं, पुढचे दिवस जपायला हवे होते... पण लाजेनं तोंडच उघडलं नाही. आता वाटतं, किती मूर्ख होते मी.

त्या महिन्यात पाळी आली नाही.

तो महिना मी कसा काढला ते माझं मला माहीत. फोडणीचा वास नकोसा झाला की घाम फुटायचा. लोणचं खावंसं वाटलं तरी दचकायची. मुलीला मांडीवर घेतलं की एकच विचार... मला काही झालं तर हिला कोण बघणार?

आत्ती एकदा म्हणाल्या, "त्वांड का उतरलंय गं तुझं? जेवण बी जाईना."

"उन्हाचं होत असंल," मी म्हटलं. बाहेर पाऊस चालू होता.

शेवटी मुलीच्या लशीचं निमित्त करून दवाखान्यात गेले. लघवी तपासायला दिली. दोन दिवसांनी या म्हणाले. ते दोन दिवस... नकोच ती आठवण.

काही नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या गोळीनं पाळी मागंपुढं होते, कधी येतही नाही. मग चष्मा काढून विचारलं, "पण चुकली कशी?" मी उपासाचं सांगितलं. मी तिथंच रडले.

घरी आले. आत्तींनी मुलीला माझ्याकडून घेतलं, गरम भाकरी वाढली, आणि दवाखान्यात काय झालं ते विचारलंच नाही. मला तेव्हा त्याचं नवलही वाटलं नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा हरतालिका. मुलगी पावणेदोन वर्षांची, अजून अंगावर पीत होती आणि माझी गोळी चालूच होती. आत्ती वाळूच्या पिंडीपुढं पत्री लावत होत्या. मी मनाशी ठरवलं होतं, यंदा काहीही होवो, गोळी घ्यायचीच.

भोंगा झाला. मी उठायच्या आधी आत्ती उठल्या. तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं आणि पेला नेऊन शिकेकाईच्या डब्याशेजारी ठेवला.

"भोंगा झाला की गं," त्या म्हणाल्या. "औषधाला उपास नसतोय."

आणि पुन्हा पत्री लावायला बसल्या. त्यांना कधी कळलं होतं, ते मी विचारलं नाही. त्यांनीही शेवटपर्यंत सांगितलं नाही. मात्र घरी आलेल्या बायकांपुढं पोराचा विषय त्यांनी कधीचाच बंद केला होता, हे त्या दिवशी माझ्या लक्षात आलं.

मी पाणी प्याले. आत्तींनी स्वतः दिवसभर थेंब घेतला नाही.

त्यानंतर तीन वर्षांनी धाकटा झाला... मला हवा तेव्हा. परवा गोळी घेतली ती त्याचीच बायको.