पाठवणीची प्रार्थना, जातानाची आणि येतानाची

रविवारच्या उपासनेनंतर पास्टरजींनी आम्हा पाचसहा जणांना पुढे उभं केलं. मंडळींनी आमच्या डोक्यांवर, खांद्यांवर हात ठेवले आणि पाठवणीची प्रार्थना झाली. हिमाचलात, राजगडच्या पुढे, एका डोंगरगावात छोटीशी ख्रिस्ती मंडळी आहे. तिच्याकडे आमची मिशन ट्रिप निघाली होती. डॉक्टर रक्तदाब तपासणार, तरुण पोरं चर्चच्या भिंती रंगवणार. मी काय करणार, हे मलाच कळत नव्हतं. मी नगरकडचा निवृत्त शाळामास्तर, चंडीगडला मुलाकडे राहतो, आणि कविता म्हणण्याखेरीज मला फारसं काही येत नाही.

पास्टरजी मात्र बाजूला घेऊन म्हणाले, "अंकलजी, वहाँ के बच्चों को देख लीजिए. मन लगा तो पूरी सर्दी वहीं रहकर पढ़ाइए. जवाब लौटकर देना."

मनात आलं, उतारवयात आलेलं हे देवाचं पाचारणच असेल का?

निघताना अबोली, माझी नऊ वर्षांची नात, दारात आली. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत. "आजोबा, आप पक्का आओगे ना?"

"येतो की गं."

इंडस्ट्रियल एरियात टेम्पो ट्रॅव्हलरच्या चाकांत हवा भरून घेतली आणि कालक्याच्या रस्त्याला लागलो. धरमपूरला पराठे खाल्ले. लोणी मागावं लागत नाही, ते आपणहून येतं. सोलनपर्यंत रस्ता रुंद आहे, पुढे राजगडची वळणं सुरू होतात. पोट नाजूक असेल तर पुढची जागा धरा आणि लिंबू खिशात ठेवा. मी दोन्ही विसरलो. शेवटची चढण पायीच, म्हणून काठीही न्या.

राहायला हॉटेल नाही, मंडळीतल्याच कुणाच्या तरी घरी सोय होते. मी बिमला अम्मांकडे उतरलो. त्यांनी वाफवलेला सिड्डू, म्हणजे सारण भरलेला कणकेचा जाड गोळा, तुपात बुडवून पुढे ठेवला. डोंगरातल्या गारठ्यात तो खाताना आयुष्यातल्या पुष्कळ तक्रारी मागे घ्याव्याशा वाटतात.

दुसऱ्या दिवशी अंगणात मुलं जमली. त्यांना काय शिकवावं, सुचेना. मग तोंडी आली ती आमच्या गुरुजींनी रचून फळ्यावर लिहिलेली, कुठल्याच पुस्तकात नसलेली कविता:

डोंगरापल्याड कोण राहतो? वारा राहतो, वारा
घराला त्याच्या भिंतच नाही, आभाळाचा निवारा
दमून येता हाक मारतो, आहे का कोणी घरात?
दिवा म्हणतो, मी तर होतो केव्हाचा तुझ्या दारात

त्या मुलांना मराठीचा एक शब्द कळत नव्हता, तरी संध्याकाळपर्यंत ती घोळक्याने म्हणू लागली. मी फोनवर चित्रण केलं. इथंच राहावं, असं मनानं जवळजवळ ठरवूनच टाकलं.

चहा घेताना अम्मांनी घरचं विचारलं. अबोलीबद्दल सांगितलं. "एवढ्या कविता म्हणतो मी गॅलरीत, पण पोरगी एक ओळ म्हणत नाही."

अम्मा हसल्या. "सुनती तो होगी, बाबूजी?"

निघायच्या दिवशी आम्ही सामान उचललं, तर गावच्या मंडळीनं आम्हालाच मध्ये उभं केलं आणि आमच्या डोक्यांवर हात ठेवले. तीच पाठवणीची प्रार्थना! मी गडबडलो. पाठवलेले तर आम्ही होतो ना?

"अम्मा, हम तो घर जा रहे हैं."

"हाँ, तो वहीं भेज रहे हैं." त्यांचा हात माझ्या डोक्यावर तसाच. "उस बच्ची के पास."

परतीच्या वळणांवर या वेळी लिंबू होतं, पण डोकं गरगरतच राहिलं. दोन ठिकाणच्या दोन पाठवण्या झालेल्या. खरी कुठली धरायची?

घरी पोचलो. मुलगा म्हणाला, "काय बाबा, मुक्काम हलवताय म्हणे? पास्टरजी सांगत होते. स्वेटर कमी पडतील." तो हसत होता. अबोली नाही हसली. मी तिला जवळ बसवून चित्रण लावलं. ती पाहत होती. मुलांनी पहिल्या दोन ओळी जोरात म्हटल्या आणि एकदम दिव्याच्या ओळीवर उडी मारली.

"अरे, बीच का छोड़ दिया!" अबोली म्हणाली. मग पडद्याकडेच बघत, हळूच, अगदी आमच्या गुरुजींच्या चालीत म्हणाली, "दमून येता हाक मारतो, आहे का कोणी घरात?"

मी चित्रण तिथंच थांबवलं.

संध्याकाळी पास्टरजींचा फोन आला. राजगडचा रस्ता, सिड्डू, अंगणातली मुलं, सगळं डोळ्यांपुढे होतं, आणि खरं सांगतो, अजूनही आहे. तुम्ही गेलात तर त्या अंगणात जरा बसा आणि मुलांना तिसरी ओळ तेवढी सांगा.

"अंकलजी, क्या सोचा?"

"इस सर्दी में नहीं."

"पक्का?"

"पक्का कुछ नहीं है, पास्टरजी," मी म्हटलं. "फिर भी नहीं."