चाकाखालचं लिंबू

पृथ्वी फिरते हे शास्त्रज्ञांना हिशेब मांडून कळलं असेल. आमच्या मामेसासऱ्यांना ते थेट पोटातून कळतं. चिखलीच्या तालमीत एके काळी भल्याभल्यांना अस्मान दाखवलेला हा गडी, पण गाडीत बसवला की भोसरी यायच्या आत पिवळा पडतो. टीव्हीत कुणी घाट उतरताना दिसलं तरी मामा उठून बाहेर जातात. चाकणच्या एका लग्नाला ते चालत गेले, अक्षता संपल्यावर पोचले आणि वर आम्हालाच म्हणाले, "जेवान तर गावलं न्हवं?"

अशा माणसाची लेक मोटारीच्या कंपनीत लागावी! मनीषा चाकणला ब्रेक तपासते. तिनं पहिली गाडी घेतली, शोरूमच्या माणसानं ती दारात आणून लावली, आणि हिनं बापाकडे बघत जाहीर केलं, "पहिल्या फेरीला शेजारी आप्पाच बसणार." लेकीच्या नव्या सीटवर शोभा नको म्हणून मामांनी गाडी लागण्याची गोळी घेतली. मग धीर यावा म्हणून आणखी एक. ही गोळी पोट शांत करते, पण तोल आणि नजर दोन्ही सैल करते, हे त्यांना कोण सांगणार?

पूजा झाली, चाकांखाली लिंबं ठेवली. मनीषानं किल्लीही फिरवली नव्हती. तेवढ्यात झुलत झुलत आलेले मामा ओरडले, "अगं, गाडी निघाली! बिरेक दाब!" आणि धावत जाऊन बॉनेटला छाती लावून उभे राहिले. सगळी गल्ली गोळा. मी म्हटलं, "अहो मामा, लिंबं बघा, अख्खी आहेत." त्यांनी बराच वेळ पाहिलं. "जावईबापू, लिंबूबी चाललंय की वो!"

त्यांना पलंगावर आडवं केलं, तर पलंगाच्या कडा घट्ट धरून झोपले. मनीषा हिरमुसली, पण म्हणाली, "आप्पा बसल्याशिवाय गाडी हलणार नाही."

दुसऱ्या दिवशी मामी अर्धी गोळी घेऊन आल्या. मामांनी ती परत केली. "गोळीनं पोट ऱ्हातं, पर पोरगी कशी चालवती ते नीट दिसत न्हाई." मांडीवर पिशवी घेऊन ते पुढं बसले, मी माझ्या डब्याची पिशवी घेऊन मागं. लिंबं फुटली. तळवड्याला गाडी थांबवावी लागली आणि मामांनी पिशवी भरली. त्यांची पाठ चोळताना मनीषा रडवेली झाली. "नीट नाही का हो चालवली मी?"

"झ्याक चालवलीस. समदं बघितलं म्या."

आता हे घरी चालत जाणार, अशा हिशेबानं मीही उतरलो. पण मामा तोंड पुसून पुन्हा पुढंच बसले. "चल, चाकणपतूर ने. तुझी कंपनी लांबनं तरी दाव."

मीही पुन्हा मागं बसलो. पिशवीतून माझा डबा काढला आणि रिकामी पिशवी त्यांच्या हातात दिली.